मृग, आंबिया आणि तिरळी बकरी

थाप मारायची तर ती जनावराच्या अंगावर घालावी, हा माझा लहानपणापासूनचा नियम. माणूस उलटून बोलतो, साक्षीदार आणतो, वेळ पडली तर ठाण्यात जातो. बकरी यातलं काही करत नाही. सात वर्षांचा असताना मी शिंक्यावरचं लोणी फस्त केलं आणि आईला सांगितलं की एक तिरळी बकरी आली होती. तिचा एक डोळा शिंक्याकडे नि दुसरा माझ्याकडे होता, त्यामुळे ती नेमकी कुठं उडी घेणार ते मला कळलं नाही. आईनं ऐकून घेतलं. मोठी बहीण गंगूबाई नुसती माझ्या लोणी माखलेल्या ओठांकडे पाहत राहिली. तेव्हापासून मी थाप मारली की तीत ती बकरी येतेच. मी बोलावत नाही, ती येते.

पुढं नोकरीही गुरांच्या दवाखान्यातच लागली. माझ्या हुद्द्याचं सरकारी नाव व्रणोपचारक. म्हणजे डॉक्टर सुई टोचणार आणि लाथ मी खाणार. तीस वर्षं लाथा खाऊन निवृत्त झालो आणि अमरावतीत, या कॉलनीत, दोन खोल्या बांधून राहिलो. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की पुढं जे घडलं त्यात 'गुरांच्या' हा शब्द आणि ती बकरी, या दोन्ही गोष्टी फार महत्त्वाच्या होत्या, आणि नेमक्या त्याच हरवल्या.

एकवीस सालचा फेब्रुवारी. बाकी देश मास्क खिशात घालून लग्नांना जात होता आणि आमच्या अमरावतीला पुन्हा कुलूप लागलं होतं. दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रीसुद्धा अंतर ठेवून बसायची. दुधाच्या पिशव्यांना साबणानं आंघोळ, वर्तमानपत्राला ऊन दाखवायचं, मग ते वाचायचं आणि वाचून घाबरायचं. रुग्णवाहिकेचा आवाज आला की आमच्या हिचं जेवण थांबायचं. आवाज कुठल्या गल्लीशी वळला, कुठं थांबला, हे ती घास हातात धरून मोजायची. आवाज पुढं गेला की घास तोंडात.

कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, सुप्रभात मंडळ. एरवी त्यावर गुलाबाची फुलं आणि सुविचार यायचे. आता खाटा कुठं नाहीत याच्या याद्या येऊ लागल्या. पंजाबराव गुरुजी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, रोज सकाळी आकडा टाकायचे आणि खाली लिहायचे, 'घाबरू नये.' त्यामुळे ज्यांचं आकड्याकडे लक्ष नव्हतं तेही घाबरायचे.

मला वाटलं, लोकांना जरा हसवावं. माझा सगळा गुन्हा एवढाच. संत्रं सोलता सोलता मी ग्रुपवर लिहिलं:

'गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा अनुभव सांगतो. मोर्शीकडे माझ्या मामाकडं एक तिरळी बकरी होती. साथ आली तेव्हा मामानं गोठ्यात संत्र्याच्या सालीची धुरी दिली. गावात सगळे खोकले, बकरी खोकली नाही. उलट तिचं दूध संत्र्याच्या वासाचं झालं. मात्र साल मृग बहाराचीच पाहिजे. आंबियाची चालत नाही.'

शेवटची अट मी उगाच घातली. थापेला एखादी अट असावी, नाहीतर ती सरकारी योजनेसारखी खरी वाटत नाही. आमच्याकडे संत्र्याला दोन बहार. आंबियाची फळं दिवाळीच्या सुमारास येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. मी सोलत होतो ते मृगाचं होतं, म्हणून मृग लिहिलं. हातात केळं असतं तर हा इतिहास वेगळा झाला असता.

अकरा जणांनी हसरी तोंडं टाकली. मी समाधानानं झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच मजकूर माझ्या साडूकडून मला परत आला. घरचं जनावर रान फिरून परत यावं तसा. पण येताना कोणीतरी त्याचं मुंडण केलं होतं. 'गुरांच्या' गळालं होतं. बकरी गायब. मामा गायब. उरलं ते असं: 'शासकीय दवाखान्यात तीस वर्षांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांचा सल्ला. मृग बहाराच्या सालीची धुरी दिवसातून तीनदा. एकही रुग्ण खोकला नाही. आंबिया वापरू नये.' खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.'

मी ते हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "पाहा, असं असते डॉक्टराचं लिवनं. तुमच्यासारखं बकऱ्याबिकऱ्या नाही."

"अवं, हे माहंच हाय."

"तुमचं काही बी असते."

माझ्या चाळीस वर्षांच्या संसारात माझ्यावर अविश्वास दाखवण्याचे प्रसंग पुष्कळ आले, पण मी खरं बोलत असताना आलेला हा पहिलाच. मला तो लागला.

संध्याकाळपर्यंत कॉलनीतून धूर निघू लागला. इथवर ठीक होतं. डास तरी कमी झाले. पण पंजाबराव गुरुजींच्या गच्चीवर दिवाळीपासून वाळवलेल्या सालींची तीन पोती होती, आणि ती आंबियाची होती. त्यांनी ग्रुपवर लिहिलं की हा सल्ला अर्धवट असून वाळलेल्या आंबियातच खरा अर्क असतो. समोरचे नत्थुजी फळांचे दलाल. त्यांच्याकडे तेव्हा मृगाचा माल उतरत होता. त्यांनी लिहिलं, 'गुरुजी, डॉक्टरपेक्षा जास्त समजते काय?' गुरुजींनी लिहिलं, 'डॉक्टरला मी शिकवलं आहे.' कोणत्या डॉक्टरला, हे कोणी विचारलं नाही.

माणसाचं मत कसं तयार होतं यावर विद्वानांनी मोठमोठी पुस्तकं लिहिली असतील. मी गच्चीवरून पाहून सांगतो: घरात जी साल पडलेली असते तेच मत.

चार दिवसांत सुप्रभात मंडळ फुटलं. एक 'मृग परिवार', दुसरा 'आंबिया विचार मंच'. मृगवाल्यांच्या दारावर ताज्या सालींची माळ, आंबियावाल्यांच्या दारावर वाळलेल्या. एका घरचा धूर दुसऱ्याच्या घरात शिरला म्हणून माणिकबाईंनी शेजारणीशी वीस वर्षांची हळदीकुंकवाची देवघेव बंद केली. मृगवाले म्हणत, आंबियाच्या धुरानं रोग वाढतो आणि हे फळाच्या मोठ्या व्यापाऱ्यांचं कारस्थान आहे. आंबियावाले म्हणत, मृगवाल्यांना वरून पैसा येतो. वरून म्हणजे कुठून विचारलं तर दोन्हीकडचे लोक आभाळाकडं बोट दाखवत.

मी दोन्ही ग्रुपांत होतो. भित्रा माणूस नेहमी दोन्हीकडे असतो.

मग एक दिवस बातमी आली की अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल होणार, पहिला मजकूर कोणी लिहिला ते शोधून काढणार. मला उद्याचा मथळा दिसला. निवृत्त व्रणोपचारकाला अटक. खाली आधारकार्डावरचा तो फोटो, ज्यात मी आधीच आरोपीसारखा दिसतो. मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि माझा मूळ मजकूर, बकरीसकट, फोनमधून पुसून टाकला. बाहेर आल्यावर हलकं वाटलं. त्या एका पुराव्याची मला पुढं किती गरज पडणार आहे, हे तेव्हा कसं कळावं?

त्याच आठवड्यात वामनराव गेले. आमच्यापासून तिसरं घर. सकाळी फिरायला आम्ही बरोबर जायचो. चालताना ते मला दर वळणावर 'सावकाश' म्हणायचे. पाच दिवस ताप अंगावर काढला आणि सहाव्या दिवशी दवाखान्यात नेलं. त्यांच्या गॅलरीत मृगाच्या साली वाळत घातलेल्या मला दिसत होत्या. त्या पाच दिवसांचं कारण त्या साली होत्या की खाट मिळण्याची भीती की न मिळण्याची, कोण सांगणार? मी कोणाला विचारलंही नाही. मृगवाल्यांनी लिहिलं, त्यांनी चुकून आंबिया वापरला असावा. आंबियावाल्यांनी लिहिलं, बघा. खांदा द्यायला चार माणसंही नव्हती आणि ग्रुपवर एकशे बारा संदेश होते.

मी त्या दिवसापासून संत्रं खाल्लं नाही.

आणि मग बाळापूरहून चंदाचा फोन आला. चंदा म्हणजे गंगूबाईची सून, माझ्या भाच्याची, गजेंद्रची बायको. ती हळू आवाजात बोलत होती.

"मामाजी, आईले चार दिवसांपासून ताप हाय. बोटाले लावाचं ते यंत्र आनलं, तं ब्यान्नव दाखवते. दवाखान्यात चाला म्हतलं तं ऐकूनच नाही राहिल्या. खोलीत धुरी घेऊन बसल्या. म्हनतात, मृगाची धुरी सुरू हाय, मले काही होत नाही."

"गजेंद्र काय म्हनते?"

"ते बी मृगच हायेत. माहं माहेर शेंदूरजनाघाटचं, माह्या बापानं आंबियाच्या साली धाडल्या तं घरात दोन शेगड्या झाल्या. माहं कोन ऐकते?"

माझी थाप अमरावतीहून निघून सव्वाशे किलोमीटर चालत माझ्याच बहिणीच्या उशाशी जाऊन बसली होती.

जायचं तर जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास हवा. ऑनलाइन अर्जात कारणांची यादी होती: मृत्यू, विवाह, वैद्यकीय. 'बहिणीला स्वतःच्या थापेपासून वाचवणे' असा रकाना नव्हता. वैद्यकीय निवडलं तर म्हणे डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्र मागायला गेलो तर म्हणे रुग्णाला घेऊन या. रुग्ण आणण्यासाठीच पास हवा आहे, म्हटलं. तर खिडकीतल्या माणसानं इतक्या करुणेनं माझ्याकडे पाहिलं की मलाच वाटलं, आपण काहीतरी अवघड मागतोय. शेवटी मी 'विवाह' निवडलं. वधूच्या नावापुढे गंगूबाई, वय चौऱ्याहत्तर. पास सात मिनिटांत मंजूर झाला.

तिसऱ्या घरातल्या वामनरावांच्या मुलानं, किशोरनं, गाडी काढली. मी त्याला काही सांगितलं नाही. वळण आलं की तो गाडी सावकाश करायचा आणि मी खिडकीबाहेर पाहायचो.

मूर्तिजापूरच्या अलीकडं नाक्यावर शिपायानं गाडी अडवली. पास पाहिला, मला पाहिलं.

"काका, लगन कोनाचं हाय?"

"बहिनीचं."

"काहून, पह्यले राहून गेलं होतं काय?"

मी पास पुन्हा पुढं केला. तेवढ्यात त्याच्या मास्कच्या आतून एक साल डोकावली. त्यानं ती बोटानं आत ढकलली आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमी कोनते? मृग का आंबिया?"

आयुष्यात इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या सालीचा रंग मी पाहिला होता, पण भीतीनं सगळ्या साली सारख्याच दिसतात. मी म्हणालो, "साहेब, घरचे जे म्हनतीन ते."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "माह्या घरी बी तसंच हाय. जा."

किशोर मला बाळापूरला दारात सोडून परतला. अंगणात दोन शेगड्या धुमसत होत्या, एक तुळशीच्या उजवीकडे, एक डावीकडे. गजेंद्र उजवीकडे बसला होता, चंदा डावीकडे. मी मास्कवर मास्क चढवून गंगूबाईच्या खोलीच्या खिडकीशी उभा राहिलो. आत इतका धूर की आधी नुसता खोकला ऐकू आला, मग माणूस दिसलं. बाई उशाला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा. प्रत्येक वाक्याच्या मध्ये ती थांबत होती, आणि ती थांबली की माझाही श्वास थांबत होता.

"बाई, चाल, अकोल्याले जाऊ. तपासून घेऊ."

"काहून? धुरी... सुरू हाय नं."

"बाई, ते धुरीचं खोटं हाय. ते मीच लिवलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. शिंक्याखाली पाहिलं होतं तसंच.

"तू?"

"हो. गंमत म्हनून."

"मंग त्याच्यात... बकरी कुठी हाय?"

मी खिडकीचा गज धरला.

"तू लिवलं असतं... तं बकरी असती. हे डॉक्टरानं लिवलं. तुले भेव लागलं... म्हनून आता मले फसवून राहिला."

"बाई, बकरी होती. लोकायनं काढून टाकली."

"असं काय? लोकायले काय... बकरीचं वावडं हाय?"

"देवाशपथ होती. तिरळी."

"दाखव मंग."

मी फोन उघडला. न्हाणीघरातला तो क्षण आठवला आणि पुन्हा बंद केला. बाई हसली, हसताना तिला ढास लागली आणि ती बराच वेळ थांबेना. चंदानं खिडकीतून बोटाचं यंत्र आत दिलं. गजेंद्रनं आकडा पाहिला. नव्वद. मृग परिवाराचा तो बाळापूर शाखेचा अध्यक्ष. पण आकडा पाहून त्यानं आपल्या शेगडीत तांब्याभर पाणी ओतलं. चंदानं दुसऱ्या शेगडीत ओतलं. दोघं म्हणाले, उचलून नेतो. बाई म्हणाली, हात लावाल तर गाडीतून उडी मारीन. आणि ती मारणारी बाई आहे, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

मी निंबाखाली जाऊन बसलो. हात थरथरत होते. खरं बोलून पाहिलं, ते चाललं नाही. आता माझ्याकडे दुसरा धंदा तरी कोणता होता? फोन काढला आणि लिहायला लागलो. या वेळी पूर्ण गंभीर, डॉक्टरी थाटात, कोणाला संशय येणार नाही असं:

'सर्व मृगवाल्यांनो सावधान. आंबियावाल्यांचा डाव उघड. आपण घरात धुरी घेत बसावं म्हणून ते आपल्याला चिडवतात आणि स्वतः गुपचूप अकोल्याला जाऊन तपासून घेतात. शेंदूरजनाघाटचं एक आख्खं घर तपासून आलं, दाराशी राखणीला फक्त एक तिरळी बकरी ठेवली होती. दवाखान्यातली ऑक्सिजनची खाट हा मृगवाल्यांचाही हक्क आहे. आजच जा. उद्या आंबियावाले एकही शिल्लक ठेवणार नाहीत.'

हे मी अमरावतीला नत्थुजींना पाठवलं. नत्थुजी मजकूर वाचत नाहीत. आला की ढकलतात. फळं सडू नयेत म्हणून लागलेली सवय. मी घड्याळ पाहत बसलो. मजकूर कुठून कुठं फिरला देव जाणे. नंतर कळलं की तो परतवाडा, पुणे आणि दुबई करून आला. एकोणिसाव्या मिनिटाला गंगूबाईच्या उशाशी फोन वाजला.

चंदा पदराचं टोक पिळत होती. मग आतून आवाज आला.

"गजेंद्र. गाडी काढ."

अकोल्यात तिसऱ्या दवाखान्यात खाट मिळाली. जिना नव्हता म्हणून बाई चालत गेली. दारात वळून तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दार बंद झालं. पुढचे अकरा दिवस मी बाळापूरला गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळा राहिलो. फोन वाजला की घ्यायचं धैर्य व्हायचं नाही, आणि वाजला नाही की बसवायचं नाही. गोठ्यातल्या बैलाशी मी त्या दिवसांत जितकं बोललो तितकं नोकरीतही जनावरांशी बोललो नव्हतो. मी त्याला सगळं खरं सांगितलं. वामनरावांचंही. तो रवंथ करत राहिला. त्यानं कुठंही पुढं ढकललं नाही.

बाराव्या दिवशी बाई घरी आली. निम्मी झाली होती, पण जिभेचं वजन उतरलं नव्हतं. अंगणात खाट टाकली. चंदानं संत्रं सोललं. कोणत्या बहाराचं, ते कोणी विचारलं नाही. तोपर्यंत दोन्ही ग्रुपांवर बाईचा फोटो फिरत होता. एकीकडे मृगाच्या धुरीनं बरी झालेली, दुसरीकडे आंबियाच्या.

मी तिच्याजवळ, अंतर ठेवून, बसलो. म्हटलं, "बाई, ते दुसरं बी... तो आंबियावाल्याच्या डावाचा मजकूर. ते बी मीच."

"मालूम हाय."

"कधी समजलं?"

"घरीच. वाचलं तवाच." तिनं फोन काढून माझ्या हातात दिला. "वाच. चौथी ओळ."

मी वाचलं. दाराशी राखणीला फक्त एक. मी लिहिलं तेव्हा मला ती दिसलीसुद्धा नव्हती, आणि परतवाडा, पुणे, दुबई करून येताना घाईत तिला कोणी काढलंही नव्हतं.

"मंग तुले समजलं होतं की हे खोटं हाय. तरी कशी गेली?"

बाईनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. बी काढून तुळशीकडे फेकली.

"पह्यलं बी तूच लिवलं असन, हे तवाच समजलं. बकरी बसवता येते, तं काढताबी येते. अन् दुसरं म्हंजे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू थापा मारतो तवा मजेत मारतो. त्या दिवशी निंबाखाली बसून लिवत होता तवा मी खिडकीतून पाहून राहिली होती. तुहे हात कापत होते. इतका भेलेला मी तुले कधीच नव्हता पाहिला. म्हतलं, चाल गंगे, नाही तं हा पोट्टा तुह्या आधी मरन."

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मी खाली मान घालून सालीचे तुकडे करत बसलो.

"आता एक कर," बाई म्हणाली. "घरी गेला का सगळं लिवून काढ. वामनरावाच्या घरी पह्यले जाय, तथी तोंडानं सांग. मंग लिव. अन् बकरी काढजो नको, नाही तं लोक तुले डॉक्टर समजतीन."

किशोरला मी तोंडानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, बाबांनी तुमचा तो मजकूर बकरीसकट वाचला होता. आम्हाला वाचून दाखवला, खूप हसले. साली त्यांनी डासांसाठी ठेवल्या होत्या." हे खरं असेल, किंवा या म्हाताऱ्याची झोप उडू नये म्हणून मारलेली थाप असेल. तीत बकरी होती, म्हणून मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

तर हे सगळं लिहिलं. कोणाला पुढं पाठवायचं असेल तर पाठवा. फक्त तुमच्या हाती येईल तेव्हा आधी बकरी आहे का बघा. नसेल, तर समजा की वाटेत कोणीतरी शहाण्यानं ती काढली आहे, आणि त्यातलं एक अक्षरही खरं धरू नका.